एका पलंगाचं घर

आर्किटेक्टच्या त्या ऑफिसात सगळे तिला चावीवाली म्हणत. नकाशे क्लाउडवर ठेवलेले. कुठलं फोल्डर कुणाला दिसावं, कुणाला नुसतं वाचता यावं, हे ठरवणं तिचं काम. सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन काका तिच्यावर कायम उखडायचे. "अगं बाई, माझ्याच नकाशाला मी परका?" मग स्वतःच हसून तिला अर्धा चहा द्यायचे.

काका आजारी पडले आणि तीन महिन्यांत गेले. साहेबांनी सांगितलं, "त्यांचं खातं बंद करायचंय. त्याआधी सगळ्या फाइलींची मालकी ऑफिसच्या नावावर घे."

ती एकेक फोल्डर घेत गेली. एका ठिकाणी अडली. ते काकांनी फक्त स्वतःपुरतं ठेवलं होतं. तिच्या हातात अधिकार होता. तिने मालकी बदलली. गेलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं तिला वाटलं.

आत एकच घर होतं, चौदा वेळा काढलेलं. आधी दुमजली, मग बैठं. स्वयंपाकाचा ओटा दर वेळी थोडा खाली आलेला, कारण काकू जेमतेम पाच फुटांच्या. शेवटचा नकाशा मरणाच्या महिनाभर आधीचा होता. त्यात झोपायच्या खोलीत एकच पलंग होता आणि कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'खिडकीतून फाटक दिसलं पाहिजे. ती एकटी असेल.'

ती साहेबांकडे गेली. "हे काकूंना दाखवू?"

"बाहेर काही द्यायचं नाही, हा नियम तूच लावलास ना?"

"मीच बदलते. या फोल्डरपुरता."

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "आठ दिवस. नुसतं बघण्यापुरतं."

तिने तशी सेटिंग केली आणि संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेली. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली. काकूंच्या टॅबवरही तिने फोल्डर उघडून दिलं. ओटा बघून काकू खुदकन हसल्या. "बुटकी म्हणायचे मला. बघ, नकाशातसुद्धा सोडलं नाही!"

मग शेवटचा नकाशा आला.

"दुसरा पलंग कुठंय?"

काकूंनी चष्मा पुसला, तारीख वाचली, पुन्हा वाचली.

"मला म्हणाले होते, रिपोर्ट चांगला आलाय. आणि मी रोज त्यांच्या मागे लागायचे. उठा, चाला, आळस करू नका... त्यांना माहीत होतं गं. ऐकून घ्यायचे आणि उठून चालायचे."

चावीवालीला वाटलं, आपण हे काय करून बसलो! तिने हळूच विचारलं, "काढून टाकू का हा?"

"नको." काकूंनी टॅब मांडीवर ठेवला. "तो दोन पलंगांचा आहे ना, आधीचा, तो छापून आण मला."

दुसऱ्या दिवशी तिने तो मोठ्या कागदावर छापून नेऊन दिला. काकूंनी तो कपाटाच्या दाराला चिकटवला.

कोणी काय उघडलं याची नोंद सिस्टीममध्ये राहते. चावीवाली रोज सकाळी ती बघायची. काकू दुपारी जेवणानंतर टॅब उघडायच्या. दोन पलंगांचं घर त्यांनी एकदाही उघडलं नव्हतं. रोज चौदावंच, कधी दहा मिनिटं, एकदा तर पाऊण तास.

नवव्या दिवशी फोन आला. "अगं, ते उघडत नाहीये."

"मुदत संपली, काकू. साहेबांना विचारून वाढवते मी."

"राहू दे." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पाठ झालंय मला ते घर."

फोन ठेवल्यावर चावीवालीने काकांचं खातं उघडलं, नाव एकदा नीट वाचलं आणि ते बंद केलं.