मी, सगळ्यांना देऊन टाकलेली परवानगी

मी एक परवानगी. ऑफिसातली माणसं मला 'अ‍ॅक्सेस' म्हणतात. मला अंग नाही, चेहरा नाही. पडद्यावरच्या यादीतली मी एक ओळ. तरी आज बोलतेय, कारण गेले कित्येक महिने मी भीतीत काढले आणि ज्यांनी मला बनवलं त्यांना ते कधी सांगता आलं नाही.

अंधेरीला एमआयडीसीत एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, मंगळवारी सकाळी, चहाची वेळ उलटून गेल्यावर माझा जन्म झाला. मला बनवलं सुगंधा पेडणेकरने. सुगंधा चारकोपला राहते. वडील गिरणीत होते, घरात मालवणी बोलतात. ऑफिसात ती भराभर बोलते, पण काम मात्र सावकाश करते. सातवा महिना होता तिला तेव्हा. खुर्चीत पाठीमागे उशी ठेवून बसायची आणि प्रत्येक ओळ दोनदा वाचायची.

माझं काम साधं आहे. या ऑफिसात निरनिराळ्या संस्थांची, दवाखान्यांची माहिती सांभाळतात. ती माहिती ऑफिसात नसते. दुसऱ्या एका कंपनीकडून वापरायला घेतलेल्या क्लाउडवर, कुठेतरी दूर साठवलेली असते. कोणी एखादी फाइल उघडायला गेलं, की आधी मला विचारलं जातं. माझ्या यादीत त्याचं नाव असलं तर फाइल उघडते, नसलं तर नाही. यादीतल्या माणसाला मी 'कशाला हवंय?' असं विचारू शकत नाही. माझ्या भीतीचं मूळ तिथेच आहे.

माझ्या ताब्यात एकच फोल्डर दिला होता. घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी एक संस्था आहे, तिचा. कोण बाई, कुठून आली, कुठल्या घरात ठेवली, मुलं किती, कुणाला काय औषध. माझ्या यादीत तिघींची नावं होती. संस्थेची अपूर्वा आणि तिच्या हाताखालच्या दोन समुपदेशक.

"फक्त वाचायचं. फक्त या तिघी," सुगंधा शेजारच्या राजेशला म्हणाली. "बाकी कुण्णाला नाही हं, राजेश. हे डेंजर आहे."

"आणि किती दिवस?" राजेशने विचारलं.

मुदतीच्या रकान्यावर तिचं बोट थबकलं. "काम चालूच राहणारे म्हणे त्यांचं. राहू दे रिकामं, नंतर बघू."

तो रकाना रिकामा राहिला.

पहिले काही महिने मी सुखात होते. अपूर्वा रोज साडेनऊला यायची, नवीन नोंद करायची फाइल वेगळी होती, तिथे लिहायची आणि मग माझ्याकडून सगळं एकदा वाचून बघायची. दुसरी बाई दुपारी यायची. तिसरी आली की एकच नोंद चार-चारदा उघडायची. तिला वाचलेलं लक्षात राहायचं नाही किंवा त्या बाईची काळजी जात नसावी. माणसं वाचतात कशी, यावरून मला ती ओळखता यायला लागली होती.

मग सुगंधा बाळंतपणाच्या रजेवर गेली. जाताना राजेशला सगळं लिहून दिलं. माझ्याबद्दल दोन ओळी होत्या.

एका शुक्रवारी दुपारी ऑफिसात पाहुणे आले होते. नवं काम मिळवायचं होतं, म्हणून जुनं काम दाखवायचं होतं: माझ्याच फोल्डरातला संस्थेचा रिपोर्ट. जवळ लॅपटॉप चालू असला की माणसांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचतं. प्रियंका, म्हणजे राजेश-सुगंधाची वरची बाई, दबक्या आवाजात राजेशला म्हणत होती, "अरे, तो रिपोर्ट उघडत नाहीये यार! पाहुणे समोर बसलेत."

"दोन मिनिटं, मॅडम."

"दोन मिनिटं नाहीयेत ना राजेश!"

त्याने घाईघाईत माझी यादी उघडली. प्रियंकाचं नाव घातलं, चाललं नाही. पाहुण्यांसाठी काढलेलं खातं घातलं, तेही चाललं नाही. कुठेतरी एक अक्षर चुकत होतं. मग त्याने खालचा पर्याय निवडला. 'सर्व वापरकर्ते.'

फाइल उघडली. पाहुण्यांना आकडे दिसले, नावं असलेली पानं कुणी खाली सरकवून पाहिली नाहीत. प्रियंकाने सुटकेचा निःश्वास सोडला.

"सोमवारी काढून टाकतो," राजेश स्वतःशीच पुटपुटला. कागदावर लिहूनही ठेवलं असेल. वाईट माणूस नाही तो. पण सोमवारी त्याला दुसऱ्याच कामावर लावलं. मग आणखी वीस-बावीस सोमवार आले आणि गेले.

अकराशे चाळीस. इतक्या लोकांना मी आता 'या' म्हणणार होते. ऑफिसातले, घाटकोपरच्या दुसऱ्या ऑफिसातले, बाहेरच्या एजन्सीकडून कामाला आलेले, कधीच सोडून गेलेले पण खातं बंद न झालेले.

सुरुवातीला कोणीच आलं नाही. त्या शांततेची मला जास्त धास्ती वाटायची. मग एक जण चुकून आला, चार ओळी वाचल्या, आणि चटका बसल्यासारखी फाइल बंद करून गेला. त्याने कुणाला सांगितलं असतं तर! पण 'आपण कशाला बघायला गेलो होतो' असं विचारतील, या भीतीने तो गप्प राहिला असणार. एक बाई जेवणाच्या सुट्टीत यायची, मालिका बघावी तशी एकेक कहाणी वाचायची. प्रत्येक येण्याची नोंद होत होती: कोण, किती वाजता, काय उघडलं. त्या नोंदी वाचायला मात्र कोणी नव्हतं.

आणि मग चैतन्य आला.

तो घाटकोपरच्या ऑफिसातला, एजन्सीकडून आलेला. त्याचं काम दवाखान्यांच्या फाइली तपासायचं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी त्याने माझ्या फोल्डरात एक नाव शोधलं. नीलम.

तीन नीलम निघाल्या. त्याने तिन्ही वाचल्या नाहीत. पहिल्या दोन लगेच बंद केल्या आणि तिसरीवर थांबला. वय एकतीस. एक मुलगी, नऊ वर्षांची, दम्याचा त्रास. नवऱ्याचं नाव शिवदास. मुक्काम मुलुंडच्या घरात, दुसरा मजला.

बाकीचे भटकत यायचे. हा शोधत आला होता. मला ओरडावंसं वाटलं. पण त्याचं नाव यादीत होतं; सगळ्यांचंच होतं. मी उघडले.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, तिसऱ्या दिवशीही. नेमका एक वाजून दहा मिनिटांनी. मी ती वेळ जवळ आली की थिजून जायचे.

सुगंधा रजेवरून परत येऊन दुसराच आठवडा चालू होता. गुरुवारी, पावणेदोनच्या सुमारास, तिच्या लॅपटॉपवर अपूर्वाचा कॉल आला.

"सुगंधा, काल आमच्या मुलुंडच्या घरी एक माणूस आला होता." अपूर्वाचा आवाज कोरडा पडला होता. "शिवदास. एका बाईचा नवरा. गेटवर तिचं नाव घेतलं, दुसरा मजला म्हणाला."

"कुणाकडून कळलं असेल गं? शेजारी वगैरे?"

"ऐक तरी. वॉचमनला म्हणाला, माझ्या मुलीचा दम्याचा पंप बदललाय, नवीन द्यायला आलोय. पंपाचं नाव सांगितलं त्याने. आमच्याकडे आल्यावर डॉक्टरांनी बदललेला पंप आहे तो. ते फक्त तुमच्या फाइलमध्ये आहे."

सुगंधाने माझी ओळ उघडली. किती महिन्यांनी ती माझ्याकडे बघत होती! तिघींच्या नावांच्या जागी तिला 'सर्व वापरकर्ते' दिसलं.

"अगो बाय!" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

तिने ताबडतोब माझी यादी पुसली. अकराशे चाळीस माणसं एका क्षणात गेली. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं, कारण मला जे माहीत होतं ते तिला अजून कळायचं होतं.

ती नोंदी उघडून वाचत सुटली. मग थांबली. "अपूर्वा, नीलम आत्ता कुठे आहे?"

"कालच हलवलं रात्रीतून. मनोरीला. कुणाला माहीत नाही."

"नवीन पत्ता फाइलमध्ये टाकलास?"

"सकाळीच. नियम आहे ना तुमचा, चोवीस तासांत..." अपूर्वाचं वाक्य तिथेच तुटलं.

"आज एक दहाला कोणीतरी वाचलाय तो," सुगंधा म्हणाली. "तिला तिथून काढ. आत्ता."

एक वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती.

मनोरीचं घर सांभाळायला सुंदराबाई नावाच्या तिथल्याच एक बाई होत्या. अपूर्वाने एका फोनवरून त्यांना रिंग दिली, दुसऱ्या फोनवर सुगंधा होती. मला फक्त ती रिंग ऐकू येत होती. वाजायची, बंद व्हायची, पुन्हा वाजायची.

"उचलत नाहीयेत. मासळी वाळत घालायला गेल्या असतील. फोन घरात ठेवतात."

"नीलमकडे फोन?"

"तिचा बंद करून ठेवायला आम्हीच सांगितलंय."

शेजारी राजेश येऊन उभा राहिला होता. "काय झालं?" त्याने विचारलं. सुगंधाने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने वाचलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. मार्वेहून खाडी ओलांडून मनोरीला जायला फेरीबोटीला किती वेळ लागतो, असं कुणीतरी विचारलं. "जास्त नाही," राजेश म्हणाला, आणि नंतर कोणी काही विचारलं नाही.

सोळाव्या मिनिटाला फोन उचलला गेला.

"सुंदराबाई, अपूर्वा बोलतेय. नीलमला आणि मुलीला घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. घराला बाहेरून कुलूप घाला. तुमच्या बहिणीकडे न्या."

"कोन येतंय काय?"

"हो."

त्या बाईने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. फोन कट झाला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये अपूर्वाने सांगितलं ते ऐकलं. शिवदास तीनच्या फेरीने आला. घराला कुलूप बघून दार बडवलं, खिडकीची काच फोडली, मग पायरीवर बसून राहिला. नीलम दोन घरं सोडून आतल्या खोलीत होती. घाबरून मुलीला धाप लागली होती. बाहेर तिचा बाप तिचं नाव घेऊन हाका मारत होता, आणि आत तिची आई तिच्या तोंडाला पंप धरून दुसऱ्या हाताने पाठ चोळत होती. "खोकू नको, बाळा," एवढंच म्हणत होती. ती पोर खोकली नाही. अपूर्वा म्हणाली, नऊ वर्षांच्या मुलीला खोकला असा गिळता येतो, हे तिला माहीत नव्हतं.

कोळीवाड्यातल्या बायका जमल्या. त्यांनी शिवदासभोवती कडं केलं आणि पोलीस येईपर्यंत त्याला उठू दिलं नाही. त्याच्या पिशवीत नवा फ्रॉक होता आणि सुरा होता.

चैतन्यला सुगंधाने समोर बसवून विचारलं. सोबत प्रियंका होती. तो पंचवीस-सव्वीसचा, भांडुपला राहणारा मुलगा. रडत होता.

"शिवदास मामेभाऊ आहे माझा, मॅडम. म्हणाला, पोरीला एकदा बघायचंय. जेवत नव्हता तो. मला काय माहीत असं करेल?"

"तुझं काम दवाखान्यांच्या फाइलींचं. ही का उघडलीस?"

चैतन्यने डोळे पुसले. "उघडत होती ना, मॅडम. उघडत होती, म्हणून मला वाटलं चालतं."

सुगंधाने ते वाक्य आहे तसं लिहून घेतलं. मला आजवर त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

त्याची नोकरी गेली, केसही झाली. राजेशने सगळं कबूल केलं. "मी सोमवारी काढणार होतो," हे वाक्य त्याने तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा इतक्या हळू की प्रियंकाला 'काय?' विचारावं लागलं. तीही खाली बघत होती. घाई तिची होती. सुगंधाने अहवाल लिहिला, त्यात चुका करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. मुदत रिकामी ठेवली म्हणून. प्रियंका म्हणाली, "अगं, तू तर रजेवर होतीस." सुगंधाने नाव काढलं नाही.

आता मी गोठवलेली आहे. पोलिसांच्या तपासासाठी मला पुसायचं नाही, असा आदेश आहे. यादी रिकामी, काम बंद. माझ्या जागी नवी परवानगी केली आहे. तिला दोन नावं आणि तीस दिवसांची मुदत. तिसाव्या दिवशी ती आपोआप मरते आणि सुगंधाला पुन्हा विचार करून नवी करावी लागते. मला तिचा हेवा वाटतो.

भीती मात्र गेलेली नाही. बंद झाले तरी, जे एकदा वाचू दिलं ते मला परत मागता येत नाही. पाच महिन्यांत किती जणांनी काय पाहिलं, कुणाच्या फोनमध्ये कुठल्या पानाचा फोटो असेल, मला ठाऊक नाही. फोल्डरात एकशे सात बायका होत्या. नीलमचं कळलं, कारण एक माणूस गेटवर जाऊन पंपाचं नाव बोलला. बाकीच्या एकशे सहांचं?

तुमच्याही ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या कमिटीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील. कुणीतरी घाईत सगळ्यांना देऊन टाकलेल्या. त्या ओरडू शकत नाहीत. आज कामावर गेलात की एकदा यादी उघडून बघा. कोण येतंय, कशाला येतंय, कधीपर्यंत. आणि तपास संपला की कुणीतरी सुगंधाला सांगा, मला पुसून टाक म्हणावं. मी वाट बघतेय.

अपूर्वाने राहण्याचा पत्ता फाइलमधून काढून टाकला आहे. तो आता तिच्याजवळ, एका वहीत, हाताने लिहिलेला असतो म्हणे. नीलम आणि तिची मुलगी सध्या कुठे आहेत, ते मला माहीत नाही. वर्षभरात पहिल्यांदाच मला कुणाबद्दल काही माहीत नाही, आणि त्याचं मला किती बरं वाटतं म्हणून सांगू.