दोन खुर्च्यांची गाडी

दुपारच्या चिडीचूप घरात टप्प असा आवाज झाला आणि आई जागच्या जागी थिजली. एका हातात चपला, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. झोपलेल्या बिट्टीच्या मुठीतून बाहुली खाली पडली होती. बिट्टी चार वर्षांची, आणि तिची झोप म्हणजे अळवावरचं पाणी. आईने श्वास रोखून बाहुली उचलली, तिच्या मनगटावरची काळी बांगडी नीट केली, तिला लेकीच्या कुशीत सारलं आणि चोरपावलांनी गॅरेज गाठलं.

तिथे तिची लाल गाडी उभी होती. बुटकी, लांब नाकाची, दोनच खुर्च्यांची. लग्नाआधी पहिल्या नोकरीत पोटाला चिमटा काढून घेतलेली. आता वय झालं होतं, पण ठसका गेला नव्हता. दिवसभर घरातून "आई, आई" असा धोशा ऐकणारी ही बाई त्या खुर्चीत बसली, की अर्धा तास कुणाचीच कुणी नसायची.

पण महिनाभर समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा ठाण मांडून बसला होता. बिट्टीला त्यात कासव दिसायचं. नवऱ्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

"दिसलं नाही म्हणजे झालं," तो म्हणाला होता.

"उद्या तुला ताप आला की मी थर्मामीटर लपवते हं!"

त्यावरून वाजलं. भांडणाच्या भरात तीच बोलून गेली, "तपासणीत नापास झाली तर विकून टाकू. मागे बाक असलेली शहाणी गाडी घेऊ." नवऱ्याने शब्द झेलला. तपासणी उद्या सकाळी होती आणि दिवा पेटलेली गाडी तिथे पास होत नाही.

दिव्याचं दुखणं सांगणारं एक यंत्र तिने आणलं होतं. ते गाडीला जोडलं की दर वेळी एकच रडगाणं गायचं: पेट्रोलची वाफ कुठून तरी निसटते आहे. कुठून, ते विचारलं की तोंडात गुळणी! चुगलखोर तो चुगलखोर, वर अर्धवट. तिने नळीनळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले. एक नळी बदलली. कासव काही हललं नाही.

तेवढ्यात मेकॅनिकमामा आले. ते आधी पोटातून खोकायचे आणि मग निदान करायचे.

"वहिनी, टाकी उतरवावी लागणार."

"मागच्या वेळी तुम्ही झडप म्हणालात. ती बदलली."

"झडप होतीच म्हातारी. आता टाकी." मामांनी वास घ्यायला पेट्रोलचं झाकण उघडलं, हातात फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं. "अहो, बांगडी कुठाय?"

आईने आपल्या मनगटाकडे पाहिलं. "काम करताना मी घालत नाही."

"तुमची नाही हो! झाकणाची! आत काळी रबराची बांगडी असते. ती नाही, तर वाफ निसटणार नाहीतर काय! कुणी काढली?"

आईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काळी. रबराची. बांगडी. महिन्यापूर्वी पेट्रोल भरताना रडणाऱ्या बिट्टीच्या हातात तिनेच तर झाकण दिलं होतं, "धर गं जरा, शहाणी ना तू?" म्हणत. शहाणीने धरलं होतं.

ती धावत आत गेली. बिट्टी उठून बसली होती, बाहुलीला पोटाशी धरून.

"बिट्टी, ही बांगडी गाडीची आहे गं."

"गाडीला हात कुठेत?"

बिनतोड. आईने हार मानून आपल्या केसांचा लाल रबर पुढे केला. बाहुलीच्या वतीने बिट्टीने तो उलटसुलट तपासला. "लाल चालेल. पण मी पण येणार. पुढे बसणार." गाडी पास झाली की उभ्या गाडीत बसायचं, असं आईने कबूल केलं.

मामांनी बांगडी पुसली, ताणून पाहिली, जागेवर बसवली. "टाकीच उतरवली असती मी," ते पुटपुटले, जणू टाकी थोडक्यात वाचली. बिट्टीने झाकण फिरवलं. टिक, टिक, टिक. आईने यंत्राने दिवा विझवला, एकटीने गावाबाहेरपर्यंत लांब चक्कर मारली आणि चिकटपट्टी सोलली. खाली नुसता काळोख. कासव गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. परतल्यावर कबूल केल्याप्रमाणे गॅरेजमध्येच, उभ्या गाडीत, बिट्टी बाहुलीसकट शेजारच्या खुर्चीत विराजमान झाली. नवरा दारात टेकून उभा होता, हरलेला आणि तरीही हसणारा.

"आई, ही गाडी घेतलीस तेव्हा मी होते?"

"नाही गं राणी."

"बाबा होते?"

"बाबाही नव्हते. तेव्हा मी एकटीच होते."

बिट्टीने खुर्चीवर हात फिरवला, तिथे आधी बसून गेलेल्याची ऊब शोधावी तसा. दारातल्या नवऱ्याचं हसू तसंच राहिलं, पण कान टवकारले. आईने उगीचच आरसा नीट केला.

"मग ह्या खुर्चीत कोण बसायचं?"