मार्थाचा तिसरा विषय

ओल्डरॉइडांच्या फ्रिजवर सोमवारपासून एक फॉर्म लटकत होता आणि त्याच्याकडे सरळ बघायची घरात कुणाची छाती होत नव्हती. सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या, दोन वर्षांसाठी तीन विषय निवडायचे. मार्थाला पुढे फार्मासिस्ट व्हायचं म्हणून केमिस्ट्री आणि बायॉलॉजी लिहून झालं होतं, तिसरी ओळ कोरी होती. पालकाच्या सहीसकट तो कागद शुक्रवारी चारच्या आत शाळेत पोचायला हवा होता, आणि आज गुरुवार उजाडला होता.

मार्थाला त्या ओळीत संगीत लिहायचं होतं. तिच्या वडिलांना, रसेलला, तिथे बिझनेस हवा होता.

आता गंमत बघा. हा रसेल काही सुरांचा वैरी नव्हे. दिवसभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करायचे आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी गावच्या बँडच्या खोलीत जाऊन युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवायचं, हे त्याचं सव्वीस वर्षांचं व्रत होतं. मार्थाच्या हाती आठव्या वर्षी छोट्या तुतारीसारखं कॉर्नेट दिलं तेही त्यानंच. पण तेच संगीत परीक्षेचा विषय होऊन समोर आलं, तेव्हा मात्र त्यानं आडकाठी घातली.

"वाजवू नको असं कोण म्हणतंय?" टोस्टला लोणी फासता फासता तो म्हणाला. "जन्मभर वाजव. पण अभ्यास म्हणजे अभ्यास. आपल्या बँडमधला कीथकाका काय म्हणाला माहितीय? 'ट्रँगल वाजवून फार्मासिस्ट होणार का तुझी पोरगी?'"

"कीथकाका ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चारदा नापास झालाय, बाबा."

"विषय बदलू नकोस. तुमच्या संगीताच्या अँब्लरबाईंनीच चाचणी घेतली ना? चाळीसपैकी किती? अकरा!"

 मार्थाच्या चाचणीच्या कागदावर लाल शाईत अकरा होते आणि खाली लिहिलं होतं, 'येऊन भेट'. दहा दिवस झाले, ती गेलीच नव्हती. जाऊन ऐकायचं काय, तर 'तुला जमणार नाही'? त्यात आणखी एक ओझं होतं. पाच मुलं असतील तरच शाळा संगीताचा वर्ग चालवणार होती, आणि यादीत चार नावं होती. ती चौघं रोज वऱ्हांड्यात तिच्याकडे आशेनं बघायची आणि ती मान खाली घालून निघून जायची. 

रसेललाही सुख नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा असताना गावातली गालिच्यांची गिरणी बंद पडली आणि दोन वर्षं तो रिकामा बसला. लेकीवर ती पाळी येऊ नये, एवढीच त्याची भीती होती. भीती खोटी नव्हती हो. पण भ्यालेला माणूस नीट बघत नाही.

शेवटी गेल, मार्थाची आई, वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं मला वेड लावणार! जा, बाईंना तोंडावर विचारा. त्या नाही म्हणाल्या तर प्रश्नच मिटला."

शाळा सुटल्यावर बापलेक संगीताच्या खोलीत उभे राहिले.

"स्पष्ट सांगा, बाई," रसेल म्हणाला. "हिला जमणार नसेल तर उगाच आशा नको."

अँब्लरबाई साठीच्या, बुटक्या, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी पियानोचं झाकण उघडलं. "आधी तुम्ही बसा. तीच चाचणी. तालाच्या आठ मापांची धून चार वेळा वाजवीन, त्यातली वरच्या सुरांची ओळ लिहून काढायची. पहिला सूर सांगणार नाही."

"मी?"

"सव्वीस वर्षं वाजवताय ना?"

रसेल मुलांच्या खुर्चीत कसाबसा मावला. धून सुरू झाली तशी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर युफोनियमच्या कळा दाबू लागली. मार्थाला धक्का बसला. चाचणीच्या वेळी तिनंही नेमकं हेच केलं होतं! चौथ्यांदा वाजवून झालं, त्यानं घाम पुसला आणि कागद पुढे केला.

"तिसऱ्या मापात दर वेळी श्वास का रोखलात?" बाईंनी विचारलं.

"रोखला? हं... तिथं आत कुठंतरी ओढल्यासारखं होतं."

"का होतं?"

रसेलनं खांदे उडवले.

"मार्था?"

"खालचे सूर पुढे गेले, मिस," मार्था चाचरत म्हणाली. "वरचा एकटाच जुन्या जागी अडून बसला. तो खाली उतरेपर्यंत चैन पडत नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तसं ऐकू आलं."

"मग अकरा कसे?" रसेल उसळला.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, वर खरं उत्तर ठेवलं. हस्ताक्षरं दोन, पण सूर तेच! आणि प्रत्येक सूर खऱ्या जागेच्या एक पायरी वर!

"तुमच्या बँडच्या कागदावर ज्याला सी लिहितात, तो वाजवला की पियानोचा बी फ्लॅट, एक पायरी खालचा सूर, ऐकू येतो," बाई हसल्या. "तुम्ही दोघांनी माझा पियानो बँडच्या लिपीत उतरवलात. सगळं ओल्डरॉइड घराणंच एक पायरी वर राहतं!"

"म्हणजे ही चूक नाही?"

"चूक आहेच. परीक्षक काही तुमच्या बँडमधला नसतो. अकरा मिळाले ते लयीचे. पण मिस्टर ओल्डरॉइड, पोरीचा एकही सूर सुटलेला नाही! ज्याला ऐकू येत नाही त्याला मी काय शिकवणार? लिपी शिकवायला मला दोन आठवडे पुरे. तुम्हाला जे आत ओढतं, ते का ओढतं हे तिला कळायला लागलंय. त्या 'का'चा अभ्यास म्हणजे माझा विषय. हा रिकाम्या वेळेचा उद्योग नाही."

"आणि नोकरी?"

"हमी मी देत नाही. बिझनेसवाले देतात का? फार्मासिस्ट व्हायला हिची केमिस्ट्री आहेच की. पण बारीक ऐकणारं, कारण शोधणारं डोकं कुठल्या कामात नको असतं, सांगा!"

रसेलनं ते दोन्ही कागद उचलून जवळून पाहिले. त्याचे कान लाल झाले.

"मी आकडा बघितला," तो हळूच म्हणाला. "कागद बघितलाच नाही. चुकलो गं, मार्था."

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला यादीत पाचवं नाव चढलं. पहिली चार मुलं ऑफिसबाहेरच उभी होती, त्यातल्या एकीनं तर मार्थाला मिठीच मारली. संध्याकाळी बँडच्या खोलीत कीथकाकानं दात काढले, "काय रसेल, घेतला का पोरीला ट्रँगल?"

"ये, बस," रसेलनं त्याच्या हातात पेन्सिल दिली. "मी आठ मापं वाजवतो, तू लिही. पाच सूर बरोबर आले तर हवं ते बोल."

कीथकाकाला अचानक आपली वाद्याची पेटी उघडायची आठवण झाली.

मंडळी, असले कीथकाका आणि असले रसेल आपल्यातच आहेत. पोराची कला आपल्याला समारंभात हवी असते, पाहुण्यांपुढे हवी असते, फक्त अभ्यासाच्या फॉर्मवर नको असते. ज्या गोष्टीवर आपण जन्मभर जीव टाकतो, तीच विचार करण्याच्या लायकीची नाही असं मुलांना शिकवणं हा कुठला शहाणपणा? भीती वाटणं माणसाला शोभतं. पण मुलाच्या कागदावरची ती कोरी ओळ आपल्या भीतीनं भरू नका! आकड्याखाली काय लिहिलंय, ते आधी वाचा.

त्या संध्याकाळी सरावाआधी नेहमीची प्रार्थनेची धून सुरू होणार, एवढ्यात रसेल कॉर्नेटच्या रांगेत बसलेल्या लेकीकडे वाकला.

"मार्था, सव्वीस वर्षं मी यातल्या एका जागेवर श्वास रोखतोय," तो म्हणाला. "शिकलीस की तो का, ते मला सांग."