पाहा पान एकशे बारा

राहीने त्या दिवशी तिसऱ्यांदा कपाळावर हात मारून घेतला. एकोणनव्वद साली मांडवीच्या रस्त्यावरच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा मालक जैनुद्दीनशेठ म्हणाले होते, आता काम कसं हां हां म्हणता होईल. कसलं काय, डोक्याला नुसता ताप झाला होता.

काम होतं शितपांच्या कुळवृत्तांताचं. गोदीतून निवृत्त झालेल्या केरूनाना शितपांनी बावीस वर्षं गावोगाव हिंडून घराण्यातल्या माणसांची नावं गोळा केली होती. एका घरचा मुलगा दुसऱ्या घरी दत्तक गेला, की जन्माच्या घरी त्याचं नुसतं नाव उरे आणि पुढे लिहिलेलं असे, ‘दत्तक, पाहा पान अमुक’. त्याची बायकापोरं, सगळा विस्तार त्या दुसऱ्या पानावर. अशा तीनशे सात जागा होत्या.

राहीने मजकूर ज्यात टाइप केला, तो लिहायचा प्रोग्राम शहाणा होता. मजकूर सरकला की पानांचे आकडे आपसूक बदलत. पण पुस्तकाची पानं मांडायची दुसऱ्याच प्रोग्राममध्ये. फ्लॉपीवरून मजकूर तिकडे गेला आणि आकडे जागच्या जागी मेले. पानं नवी, आकडे जुने. सांगितलेलं पान उघडावं तर तिथे भलत्याच घरातली माणसं बसलेली. शेवटी राहीने पट्टी घेतली आणि एकेक नाव शोधून तीनशे सात आकडे हाताने बदलले. चार दिवस गेले, मान मोडून आली.

आणि नाना रोज सकाळी हातखंब्याहून एस.टी.ने येत, ते नवं नाव घेऊनच. ‘एकच हाय गो बाय, र्‍हायलेलं.’ त्या एका नावाने पुढची सगळी पानं ओळभर सरकत, तळाची नावं पुढच्या पानावर जात, नि राहीचे आकडे पुन्हा खोटे पडत. दोनदा तिने मुकाट्याने केलं. तिसऱ्यांदा ती शेठवर खेकसली, कारण नानांवर खेकसायचं तिच्या जिवावर येई.

नानांचा धाकटा भाऊ बाबू चौथ्या वर्षी लांबच्या चुलत्याला दत्तक गेला, तो त्या घरचाच झाला. एका आईचे दोघे, पण पत्रिकेत म्हणा, सुतकात म्हणा, पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. रविवारी कुळाच्या मेळाव्याला बाबू मुंबईहून येणार होता. पुस्तक त्याच्या हातात द्यायचं आणि आईच्या पानावरून त्याने स्वतःचं पान स्वतः काढायचं, एवढी एकच हौस नानांना होती. आकडा चुकला, तर म्हातारा भलत्याच माणसांत स्वतःला शोधत बसला असता.

शुक्रवारी सगळं जुळलं. बाबूचं पान एकशे बारा. संध्याकाळी पानं छपाईला जायची, तर दुपारी नाना दारात हजर.

‘माजा पणतू जलमला काल,’ ते म्हणाले. ‘नाव ठेवायचं हाय अजून. नुसतं मुलगा लिव.’

राहीचा तोल सुटला. ‘नाना, तुमच्या घरचं एक्केचाळीसचं पान काठोकाठ भरलंय. अक्षर आधीच मुंगीएवढं. ही ओळ घातली की पुढची दोनशे पानं हलणार. मी करू तरी काय?’

नानांनी छत्री दाराशी टेकवली. ‘त्याच पानावरली एक ओळ काढली तर?’

‘तर नाही हलणार.’ तिने पान त्यांच्यापुढे ठेवलं. ‘बाबूंचं नाव वरच्या ओळीत घेते. “पाहा पान” तेवढं गाळावं लागेल.’

 नानांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या नावाखालची ओळ खोडली. ‘कुळवृत्तांताचे संकलन, बावीस वर्षे.’ अख्ख्या पुस्तकात त्यांच्या कष्टांची नोंद तेवढीच होती.

‘अहो, मग हे तुम्ही केलंत, हे कुणाला कळणार?’

‘बाबूला त्याचं पान गावलं म्हंजे झालं,’ नाना म्हणाले आणि छत्री घेऊन एस.टी. गाठायला निघाले.

राहीने ओळ काढली, ‘मुलगा’ घातला. एकही पान हललं नाही. इतके दिवस ती ज्यासाठी देवाला साकडं घालत होती ते झालं होतं, आणि तिला रडू आवरेना.