एक्केचाळीस खिळे

अमडापूरच्या देवानंदच्या वर्कशॉपातल्या भिंतीला सारं गाव हसायचं. पेरणी यंत्राच्या फसलेल्या चकत्या कोणी अशा मिरवत टांगून ठेवतं का? पण हा गडी ठेवायचा. चकतीच्या भोकांतून बियाणं एकेक दाणा करून खाली पडतं. हरभरा न फुटता पडावा, एवढ्यासाठी अकरा वर्षं दर सोमवारी बाकीची कामं बंद ठेवून नव्या चकतीवर खटपट चालायची. फसली की तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर अन् कारण लिहायचं, खिळ्याला अडकवायची. अशा एक्केचाळीस झाल्या. वही कशाला हवी? भिंत होती ना!

अशोक विजयादशमीसाठी देवानंद बायकोला, समताला, घेऊन तीन दिवस नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे त्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं, तुळशीरामनं, खंडेनवमीची साफसफाई काढली. देवानंद परतला तर भिंतीला चुना आणि खिळ्यांना झेंडूच्या माळा.

"चकत्या कुठी गेल्या, तुळशीरामभाऊ?"

"भंगारवाल्याले देल्या. किती वर्सं धूळ खात होत्या! घ्या, त्यातलेच पेढे आणले."

भंगारवाल्याला फोन केला. माल कालच जालन्याच्या भट्टीत गेला होता.

देवानंदला राग यायला हवा होता, पण आलाच नाही. दात काढायच्या सुईनं गाल बधिर होतो, तसं त्याचं सगळं अंग झालं. पेढा खाल्ला, तो गोडही लागला नाही. "चांगलं केलं," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी दोघांनी नवी चकती कापली. यावेळी भोकं जरा तिरपी ठेवली. खाली पोतं अंथरलं, वरून हरभरा ओतला, दांडा फिरवला.

"घ्या! पेराले टाकला हरभरा अन् निघाली डाळ. आता फोडणीच द्या," तुळशीराम हसला. मग एकदम थांबला. "भाऊ, हे तिरपं भोक आपण आधीबी केलतं ना?"

"केलतं."

"मंग तवा दाणा काऊन फुटला होता?"

देवानंदनं भिंतीकडं पाहिलं. तिथं वाळलेला झेंडू होता. तुळशीरामनंही पाहिलं.

"अरे बापा! म्या हे काय इकून बसलो?"

देवानंदनं रंगाचा डबा उघडून चकतीवर लिहिलं, 'भोक तिरपं, दाणा फुटला.' एक माळ काढली, चकती खिळ्याला अडकवली. नंबराच्या जागी ब्रश टेकवून तो उभाच राहिला. बेचाळीस लिहावं की एक, हे काही त्याला ठरवता येईना.