खंडेनवमीचा कॉम्प्युटर

माझा स्वभाव तापट आहे, हे गावात कुणीही सांगेल. सासूबाई म्हणायच्या, "चांगुणाच्या नाकावर राग बसत न्हाई, रागानं तिथं घरच बांधलंय." हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात कॉम्प्युटर जेवढा तापला तेवढीच मीही तापले.

हिवरे बाजारचं बघून आमच्या गावानंही पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आलं, ते मोजायचं आणि दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठ्या अक्षरांत दाखवून रब्बीची पिकं ठरवायची. विहिरी मोजायचं काम माझ्याकडे. आकडे सगळे ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर, आणि तो दर दोन महिन्यांनी आजारी. नगरचा तंत्रज्ञ 'उद्या येतो' म्हणायचा, आठ दिवसांनी यायचा, मशीन उचलून न्यायचा आणि पंधरा दिवसांनी आणायचा. तिसऱ्यांदा नेलं तेव्हा माझं डोकं फिरलं. त्रेचाळिसाव्या वर्षी मी दर शनिवारी एसटी पकडून नगरला हार्डवेअरच्या क्लासला जायला लागले.

क्लास घेणारे नॅथन सर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांचा एकच मंत्र होता: आधी ऐकायचं, मग बघायचं, हात सगळ्यात शेवटी लावायचा. तो मी वहीत छान अक्षरात लिहून घेतला आणि वर्षभर बरोब्बर उलटं केलं. तरी शिकले. अडगळीत पडलेल्या तीन मशीनमधून मी एक धड मशीन जोडलं आणि ते जुन्याच्या जागी ग्रामपंचायतीत नेऊन ठेवलं. पडद्यावर उजेड आला तेव्हा मी तिथंच रडले.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याची त्यानं अवजारं पुजायची. औत, विळा, गवंड्याची थापी, काही सुटत नाही. माझं अवजार आता कोणतं, हे काय सांगायला हवं? मी झेंडूचं फूल आणि कुंकवात कालवलेल्या अक्षता घेऊन ग्रामपंचायतीत गेले. आदिनाथभाऊ, म्हणजे आमचे शिपाई, कॉम्प्युटरच्या डब्यावर फूल ठेवायला लागले तर मी त्यांना अडवलं. पूजा नांगराच्या फाळाची करतात, गोठ्याच्या दाराची करत नाहीत. मी स्क्रू काढून डब्याचं झाकण उघडलं, आतल्या मदरबोर्डला हात जोडले आणि चार दाणे वाहिले. नमस्कार झाल्यावर दाणे वेचून घेतले, झाकण लावलं आणि घरी गेले.

ग्रामसभा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होती. सकाळी नऊला मी कॉम्प्युटर चालू केला. दहा मिनिटं झकास चालला आणि कुणी वायर ओढावी तसा पटकन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. आकडे मी पहिल्या दहा मिनिटांतच पेनड्राइव्हवर घेतले होते, त्यामुळे ते सुखरूप होते. सुखरूप नव्हती ती मी.

सरपंच लंकाबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि माझ्यासमोरच नगरच्या तंत्रज्ञाला फोन लावला. त्यानं फोनवरच निकाल दिला, की बोर्ड गेलाय.

"दोनला येतोय त्यो," लंकाबाई म्हणाल्या. "सोताचा लॅपटॉप आनतोय, सभा त्याच्यावर उरकू. आपलं मशीन घिऊन जाईल. चांगुणा, तू लई केलंस, पर ह्ये आपलं काम न्हाई बघ."

"दोनपातूर मला द्या, आक्का."

"दिलं. चालू झालं तर हितनं फुडं मशीन तुझ्याकडं. न्हाई झालं, तर परत त्याला हात लावायचा न्हाई."

नुसतं मशीन गेलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण 'आपलं काम न्हाई' हे वाक्य गावात एकदा एखाद्या बाईला चिकटलं की निघत नाही. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते. जवळ आदिनाथभाऊच होते.

"भाऊ, झाडू मारताना धूळ कुठं उडवता वो? सगळी ह्याच्या पोटात जाती!"

"ताई, म्या काय म्हंतो..."

"काय म्हनू नका. खोडरबर आना."

मशीन रुसलं की रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड खोडरबरानं घासायची, हा आमच्यातला घरगुती उपाय. घासली. मशीन चाललं आणि बंद पडलं. मग वीजपुरवठ्याचा डबा काढून जुन्या मशीनचा लावला. तेच.

"ताई, परवा आपन..."

"परवाचं ऱ्हाऊ द्या, भाऊ! आज काय चाललंय ते दिसतंय न्हवं?"

थोड्या वेळानं ते चहा घेऊन आले. कप ठेवताना त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं. त्यांनी मिटलं.

बारा वाजता मी हात टेकले आणि नॅथन सरांना फोन केला.

"सर, बोर्ड गेलाय म्हनत्यात."

"कोण म्हणतं? मशीन म्हणतंय का?" सर म्हणाले. "ताई, बंद पडल्यावर लगेच चालू केलं तर किती वेळ चालतं?"

"दोन मिनिटं."

"आणि तासभर थांबून केलं तर?"

मी सकाळपासूनचं आठवलं. "दहा."

उत्तर स्वतः द्यायचं नाही, ही सरांची खोडच आहे. पण विहिरीवरची मोटार तापली की ट्रिप होते आणि थंड झाली की परत चालते, हे मला शिकवायला नगरहून कुणी यायची गरज नव्हती.

"तापतंय, सर!"

"झाकण काढून चालू करा आणि फक्त बघा. आत काही पडलंबिडलंय का?"

"आत काय पडतंय? झाकण मी सोता लावलंय!" मी त्यांच्यावरही डाफरले.

झाकण काढून मशीन चालू केलं. प्रोसेसरच्या डोक्यावरचा छोटा पंखा थरथरत होता, पण फिरत नव्हता. मशीन बंद केलं, वायर काढली, मोबाईलची बॅटरी लावून वाकून पाहिलं. पंख्याच्या पात्याखाली तांदळाचा एक दाणा अडकला होता. लाल कुंकवाचा.

मी तो चिमट्यानं काढून तळहातावर घेतला. आधी लाज वाटली, मग एकदम इतकं हलकं वाटलं की मी तिथंच फरशीवर बसले. बोर्ड शाबूत होता. मी जोडलेलं काहीच बिघडलं नव्हतं. पंखा गरगर फिरायला लागला आणि त्याचा तो बारीक आवाज मी एक तास बसून ऐकला. मशीन बंद पडलं नाही.

लंकाबाई दीडला आल्या. धूळ साठली होती असं सांगून मला मोकळं होता आलं असतं. पण तळहात पुढं केला. "आक्का, बोर्डाला काय झालं न्हाई. पूजेचा दाना पंख्यात अडकला हुता. मीच टाकलेला."

त्यांनी दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून पोट धरून हसल्या. हसतच त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला. "येऊ नगा. आमच्या बाईनं केलंय."

आमच्या बाईनं! मला तेवढंच ऐकायचं होतं.

सभा दीड तास चालली. भिंतीवर विहिरी दिसल्या, पाणी दिसलं, ज्वारी आणि हरभरा ठरला, उन्हाळी कांद्याला नाही म्हटलं गेलं. लोक आकड्यांकडे बघत होते आणि माझा कान पंख्याकडे होता. तो शेवटपर्यंत फिरला.

सगळे गेल्यावर आदिनाथभाऊ सतरंजी गुंडाळत होते. मला एकाएकी सकाळ आठवली.

"भाऊ, तुमी सकाळधरनं काय सांगत हुता?"

"ह्येच की," ते सतरंजी झटकत म्हणाले. "परवा तुमी दाने टाकले चार आनि उचलले तीन. म्या मोजले हुते."

साडेनऊला ऐकलं असतं तर पावणेदहाला काम संपलं असतं. तीन तास मी ज्या माणसाला धुळीवरून झोडत होते, तो माणूस उत्तर घेऊन माझ्या शेजारी उभा होता आणि वर चहा आणून देत होता.

"भाऊ, चुकलं माझं. लई चुकलं."

"आसू द्या. चालू झालं न्हवं?" त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसत होतं, आणि त्यानं मला अजूनच ओशाळल्यासारखं झालं.

मी त्यांच्या हातातली सतरंजी काढून घेतली, त्यांना सरपंचांच्या खुर्चीवर बसवलं आणि चहा मी केला. अर्धा कप झाल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि जरा बिचकतच म्हणाले, "ताई, त्या प्रोजेक्टरच्या वायरीचं बी म्या काय म्हंतो..."

मी कप खाली ठेवला, खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि म्हटलं, "सांगा."