रिकाम्या चौकोनातली शर्यत

शाळेच्या ऑफिसात खिडकीमागे बसणाऱ्या बाईला नाव असतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलं मला खिडकीकाकू म्हणतात, पालक "अहो मॅडम, जरा ऐका ना" म्हणतात आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नुसती बेल वाजवतात. दाखले, हरवलेले डबे, खरी पोटदुखी, गणिताच्या तासाची पोटदुखी, सगळं या खिडकीतून जातं. आणि थंडी सरून पोरं स्वेटर वर्गात विसरायला लागली, की 'वसंतवार्ता' माझ्या गळ्यात पडते.

वसंतवार्ता म्हणजे पाचवी ते आठवीच्या पालकांसाठी काढलेलं चार पानी पत्रक. पुस्तकांचं प्रदर्शन कधी, वर्गाचे फोटो कधी, गाण्याचा कार्यक्रम कधी, हरवलेल्या वस्तू कधीपर्यंत न्यायच्या, सगळं त्यात असतं. मी डोळे फोडून ते तयार करते, ते मुलांच्या दप्तरात जातं आणि तिथेच कुठेतरी केळ्याखाली चिरडून मरतं. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "मॅडम, फोटो कधी आहेत हो?" मी म्हणते, "पत्रकात दिलंय." पलीकडून आवाज येतो, "कुठलं पत्रक?" आता अशा माणसाला काय बोलायचं, सांगा!

तर या पत्रकाच्या शेवटच्या पानावर एक चौकोन असतो. तो खेळाच्या सरांचा. सरांच्या गळ्यात सदा शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीसर म्हणतो. माणूस सोन्यासारखा, पण मजकूर वेळेवर देईल तर शपथ. सगळी पानं लागली तरी त्यांचा चौकोन रिकामाच. मग जागा अडवून ठेवायला मी त्यात काहीबाही लिहून ठेवते आणि सरांचा कागद आला की ते पुसून टाकते. गेल्या वर्षी लिहिलं होतं, 'हत्तींची दोरीवरच्या उड्यांची स्पर्धा. हत्तींनी दोरी आपापली आणावी.' ते तसंच छापायला निघालं होतं. पकडलं कुणी? माझ्या सासूबाईंनी.

आमच्या सासूबाईंनी उभा जन्म लोकांचे कपडे शिवले. वाकडी शिवण त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसते. दरवर्षी छापायच्या आधी मी पानं घरी नेत असे. त्या खिडकीशी बसून, चष्मा नाकावर ओढून, ओळ न् ओळ वाचत आणि प्रत्येक चुकीला मला एक टोमणा मारत. "अगं, मंगळवारी कसला आलाय रविवार?" आमचं दिवसभर असंच चालायचं. भाजीत मीठ कमी, पडदे वाकडे, माझी चाल धांदरट. मीही काही कमी नव्हते. एकाला दोन ऐकवायची. नवरा बिचारा वर्तमानपत्रामागे लपून बसे आणि लेक मजा बघत बसे.

या थंडीत सासूबाई जिन्यात पडल्या. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण त्या चालेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दिलं ते खायच्या, विचारलं तर "बरी आहे" म्हणायच्या. एकदा मी भाजीत मीठ घालायलाच विसरले, मुकाट्यानं खाल्ली! त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात जाऊन मी ढसाढसा रडले. सासूनं नावं ठेवली नाहीत म्हणून रडणारी सून जगात मी एकटीच असेन. पण खरं सांगते, मला घरात भांडण हवं होतं. ती बाई मला परत हवी होती.

यंदाची पानं मी त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी हातही लावला नाही. संध्याकाळी मी ती तशीच उचलली.

आणि नेमका यंदाच माझ्या डोक्यात हत्ती येईना. डोक्यात घरची म्हातारी, तीच बोटांतून उतरली. चौकोनात मी लिहून गेले होते, 'शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर आजी-आजोबांची शर्यत. जिंकणाऱ्यास कप.' शिट्टीसर मजकूर द्यायला विसरले, मी मागायला विसरले. मोठ्या बाईंनी वाचून सही केली. त्यांना वाटलं सरांची कल्पना असेल. झालं! पत्रक छापून दप्तरात गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाऊल टाकते तोच फोन. एक आजोबा विचारत होते, "बूट कसले घालायचे? कॅनव्हासचे चालतील?" मी म्हटलं, "कशाला?" ते म्हणाले, "अहो, शर्यतीला!" मी पत्रक उघडलं आणि कपाळाला हात लावला. लगेच दुसरा फोन, "सासऱ्यांना काठी चालेल का?" मग तिसरा, "आमच्या मुलाच्या दोन्ही आज्यांना यायचंय. त्यांना शेजारी उभं करू नका, आधीच सांगून ठेवते, त्यांचं पटत नाही." ज्या पत्रकाला वर्षानुवर्षं काळं कुत्रं विचारत नव्हतं, ते मेलं नेमकं आजच सगळ्यांनी वाचलं होतं.

बेल वाजली. मोठ्या बाईंसमोर पत्रक होतं.

"हे काय आहे? सर म्हणतात, त्यांना ठाऊकच नाही."

"चूक आहे, बाई. माझी. ते नुसतं जागा अडवायला लिहिलं होतं."

"म्हणजे शर्यत नाहीच?"

"नाही."

"मग उद्या सकाळी मुलांच्या हातात दुरुस्तीची चिठ्ठी गेली पाहिजे. शर्यत रद्द, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि पुढच्या वर्षीपासून हे पत्रकच बंद करू या. एवीतेवी कोण वाचतं?"

फोनबद्दल सांगायची माझी छाती झाली नाही. चिठ्ठी टाइप केली, गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड पाडून घरी गेले.

दारातच लेक भेटली. ती सातवीत आहे, आणि सासूबाई तिला इयत्तेनंच हाक मारतात. गेल्या वर्षी ती 'सहावी' होती, यंदा 'सातवी'. ती कुजबुजली, "आई, आजी उठून बसलीये. मी तिला वसंतवार्ता वाचून दाखवली."

मी आत गेले. सासूबाई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या. चष्मा नाकावर होता.

"अगं, मैदान तेच ना? घंटेच्या बाजूला उतार आहे ते?"

"हो, तेच."

"मग शर्यत तिकडून सुरू करू नका. म्हातारी माणसं घसरतील. त्या तुमच्या शिट्टीवाल्याला एवढीही अक्कल नाही का?"

इतके दिवस ज्या बाईच्या तोंडून एका शब्दावर दुसरा शब्द निघत नव्हता, तिनं एका दमात शिट्टीसरांची अक्कल काढली होती! माझा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी ती टेबलावरची चिठ्ठी आठवून पुन्हा बाहेर पडला. शर्यत रद्द झाल्याचं या बाईला सांगायचं कुणी? सांगितलं की पाय पुन्हा पलंगावर, तोंड पुन्हा भिंतीकडे.

"सातवे, हात दे," त्या म्हणाल्या. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि परत आल्या. नवरा धावला, "आई, पडशील!" त्यावर म्हणाल्या, "इतके दिवस पडूनच होते की. काय दिवे लागले त्यानं?"

सकाळी मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा कपाटात कोंबला, कुलूप लावलं आणि बेल वाजायच्या आधीच मोठ्या बाईंच्या खोलीत घुसले.

"बाई, शर्यत घ्यायला हवी."

"डोकं फिरलंय का तुमचं? कुणाचं हाडबीड मोडलं तर?"

"बाई, माझ्या घरी एक म्हातारी थंडीपासून भिंतीकडे तोंड करून पडली होती. काल ती या चुकीपायी उठली. मला नोकरीवरून काढायचं तर काढा, पण ती चिठ्ठी मी वाटणार नाही. आणि कोणी वाचत नाही म्हणता ना? जरा या खिडकीत बसा आणि फोन घ्या."

मी एवढं बोलले आणि माझीच पाचावर धारण बसली. पण मोठ्या बाई खरंच उठल्या आणि माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. फोन वाजला. त्यांनी घेतला, बराच वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, "नाही आजोबा, वयाची अट नाही. हो, हो, सराव करा, पण जपून." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरांना बोलवा."

शिट्टीसर आले ते कान पकडूनच. मजकूर न दिल्याची टोचणी त्यांना होतीच. "पळायची नकोच," ते म्हणाले, "चालायची ठेवू. एक पाय सतत जमिनीवर पाहिजे. जो पळेल तो बाद." मी म्हटलं, "आणि घंटेच्या बाजूनं सुरू करायची नाही." "का?" "सासूबाईंचा हुकूम आहे."

मग काय! घरात पहाट झाली की व्हरांड्यातून सपातांचा आवाज यायचा, सरप, सरप. पुढे सासूबाई, मागे सातवी. आधी भिंत धरून, मग भिंतीपासून बोटभर अंतरावर. मी दाराआडून बघायची आणि त्यांनी वळून पाहिलं की भांडी घासायला लागायची.

शनिवारी मैदानावर ही गर्दी! कॅनव्हासचे बूटवाले आजोबा, काठीवाले सासरे, एकमेकींकडे पाठ करून उभ्या त्या दोन आज्या, आणि दोरीपलीकडे नातवंडांचा नुसता आरडाओरडा. मोठ्या बाई स्वतः पाणी वाटत होत्या. शिट्टी वाजली आणि ती सगळी वरात निघाली. सासूबाई पहिल्या पावलापासून सगळ्यांच्या मागे.

अर्ध्या मैदानात त्या थांबल्या. त्यांचा हात बाजूला गेला, सवयीनं भिंत शोधत. पण मैदानात कुठली आलीये भिंत? बाकीचे पार पुढे गेले होते. आता या बसणार, आणि बसल्या तर परत उठायच्या नाहीत, असं मनात आलं. मी दोरी ओलांडून धावले. त्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी जागच्या जागी थिजले.

"परत जा. लोक बघतायत."

मी परत गेले. सातवी घसा फोडून ओरडत होती, "आजी, चल! आजी, चल!" सासूबाईंनी शोधणारा हात खाली घेतला, पदर खोचला आणि पाऊल उचललं. एक, मग दुसरं. कप केव्हाच कॅनव्हासच्या बुटांना मिळाला होता, पण घरी कोणीच जाईना. सगळं मैदान त्या एका म्हातारीसाठी टाळ्या वाजवत होतं. शेवटच्या पट्ट्यात त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या चक्क पळाल्या! थोड्याच पावलांपुरत्या, धडपडत, पण पळाल्या.

शिट्टीसरांनी शिट्टी फुंकली. "आजी, बाद!"

"कशी बाद? डोळे तपासून घ्या तुमचे!"

"दोन्ही पाय उचललेत तुम्ही, आजी."

"उचलले तर उचलले! इतके दिवस एकही उचलत नव्हता, त्याचं काय ते बघा आधी!"

दोघांची चांगलीच जुंपली. सरांना हसू आवरेना आणि मला रडू. शेवटी मी सासूबाईंना धरून बाकावर बसवलं आणि हातात चहा दिला. मनातली टोचणी काही जाईना, म्हणून म्हटलं, "आई, एक खरं सांगू? ही शर्यत मुळात..."

"चौकोन भरायला लिहिली होतीस. माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गेल्या वर्षी हत्ती कुणी पकडले होते? सातवीनं वाचलं तेव्हाच कळलं की ही तुझी भर आहे. म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि हिची चूक घरोघरी गेली. आता शनिवारी मैदानावर चिटपाखरू आलं नाही तर लोक माझ्या सुनेला हसतील. निदान एक तरी म्हातारी उभी राहायला हवी." त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. "मला काय ठाऊक, सगळा गाव येऊन बसेल म्हणून."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर मैदानात, मोठ्या बाईंच्या देखत, हुंदके देत रडले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. एक हात माझ्या पाठीवरून फिरत होता.

"पुरे आता. हा चहा गार झालाय, दुसरा आण. आणि पुढच्या वर्षी छापायच्या आधी कागद माझ्या हातात आला पाहिजे. उशाशी ठेवून पळून जायचं नाही."

मी डोळे पुसले आणि दुसरा चहा आणला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीये."